काचेखाली जपलेली डोंगरमाथ्यावरची थंडी: सिंगापूरचे क्लाउड फॉरेस्ट

सिंगापूर हे बंदराचे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला दीड अंशाच्या आत वसलेले आहे आणि तिथला सर्वांत उंच डोंगर, बुकित तिमा, अवघा १६३ मीटर उंच आहे. सह्याद्रीत वाढलेला माणूस त्याला टेकडीच म्हणेल. अशा जागी वर्षावन वाढते, आणि त्याचे काही तुकडे तिथे आजही शिल्लक आहेत, पण मेघवन वाढू शकत नाही. उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरांवर, साधारण १,००० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यात, ढगांत बुडून राहणाऱ्या जंगलाला मेघवन म्हणतात. हजार मीटर चढून गेले की हवा सुमारे सहा अंशांनी गार होते, आणि त्या गारव्यावर व धुक्यावर जगणाऱ्या वनस्पतींना समुद्रसपाटीवरची उष्णता सोसत नाही. गार्डन्स बाय द बे या उद्यानातल्या क्लाउड फॉरेस्टमध्ये हाच डोंगरमाथ्यावरचा गारवा एका प्रचंड काचघरात निर्माण करून राखलेला आहे. थंड देशांतली काचघरे आतली ऊब टिकवण्यासाठी बांधली जातात, हे बाहेरचा उन्हाळा अडवण्यासाठी बांधलेले आहे. ही उलटी गोष्ट ध्यानात ठेवून आत गेले, तर तिथल्या प्रत्येक पानाकडे पाहण्याची नजरच बदलते.

मी सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. पावसाळ्यात मुलांना घेऊन आंबोलीला जाणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत आवडता भाग होता. त्यामुळे क्लाउड फॉरेस्टविषयी मला फार पूर्वीपासून ओढ होती. सात वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा हे आणि शेजारचे फ्लॉवर डोम या दोन्ही काचघरांसाठी मिळून आम्हाला सव्वा तास दिलेला होता. धबधब्यासमोर सर्वांचे फोटो काढून होईपर्यंत त्यातला निम्मा वेळ संपला आणि मी वरचा मजला न पाहताच बसमध्ये येऊन बसले. ती हुरहुर मनात राहिली होती. या वर्षी मुलीकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा मी आठ वर्षांच्या नातवाला सोबत घेऊन तिथे दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा तीन तासांहून अधिक थांबले. पुढचे सारे त्या दोन भेटींवर आधारलेले आहे.

दार उघडताच समोर धबधबा येतो. ३५ मीटर उंचीवरून पडणारे पाणी, त्याचे अंगावर येणारे तुषार आणि बाहेरच्या दमट उकाड्यानंतर एकाएकी लागणारी २३ ते २५ अंशांची गार हवा, हे सारे एकदम अनुभवताना माणूस पहिली काही मिनिटे बोलतच नाही. कृत्रिम धबधब्याविषयी माझ्या मनात थोडा आकस होता, तो तिथे उभी राहिल्यावर गेला. चांगी विमानतळावरच्या ज्युएलमध्ये २०१९पासून याहूनही उंच, ४० मीटरचा धबधबा आहे, पण त्याच्याभोवती दुकाने आहेत. इथे पाणी ज्या डोंगरावरून कोसळते तो नखशिखांत वनस्पतींनी मढलेला आहे. अँथुरियम, बेगोनिया, ब्रोमेलिया, नेचे आणि आमरी म्हणजे ऑर्किड यांची मुळे उभ्या भिंतीत रुजवलेली आहेत, आणि कुठे माती दिसावी म्हणून शोधले तर दिसत नाही. तरीसुद्धा माझे सांगणे असे, की या धबधब्यापाशी दहा मिनिटांहून अधिक थांबू नये. या जागेचे खरे वैभव वरच्या मजल्यावर आहे आणि ते आकाराने बोटभर आहे.

उद्वाहनाने थेट माथ्यावर जाऊन मग चालत खाली यायचे, अशी इथली रचना आहे. माथ्यावरच्या भागाचे नाव लॉस्ट वर्ल्ड. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या आसपास सापडणाऱ्या वनस्पती तिथे लावलेल्या आहेत, आणि त्यांत मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते घटपर्णींनी. पाठ्यपुस्तकातली घटपर्णीची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. पण फळ्यावर काढलेल्या घटाच्या काठाला जाडी नसते. इथे डोळ्यांपासून वीतभर अंतरावर लोंबणारा घट मी भिंगातून पाहिला. पानाचे टोक लांब होऊन त्याचा तणावा झालेला, तणाव्याचे टोक खाली वळून फुगलेले, आणि त्या फुगवट्याच्या तोंडाशी लालसर, चकचकीत, कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघांची वळलेली कड. हवेतल्या ओलाव्याने त्या रेघांमध्ये पाण्याचा पातळ थर धरतो आणि मधाच्या ओढीने आलेल्या कीटकाचा पाय त्यावरून घसरतो. निकस जागी वाढणारी ही वनस्पती आपला नायट्रोजन असा मिळवते. वरचे झाकण उघडझाप करत नाही, ते घटात पावसाचे पाणी भरू नये म्हणून असते, हे मी मुलांना नेहमी सांगत आले, आणि तरीही दरवर्षी कोणीतरी उत्तरपत्रिकेत झाकण मिटवून टाकीच. नातवाने तो घट नीट पाहून घेतला आणि हळूच विचारले, "आजी, आत्ता आत कोणी आहे का?" आम्ही दोघांनी उजेडाच्या बाजूने वाकून पाहिले, तेव्हा घटाच्या अर्धपारदर्शक भिंतीतून तळाशी एक काळा ठिपका दिसला.

भारतात घटपर्णीची एकच जाती रानात आढळते, ती मेघालयात. महाराष्ट्रात घटपर्णी नाही, पण कीटकांवर जगणाऱ्या वनस्पती आहेत: कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात दवबिंदू आणि सीतेची आसवे पसरलेली असतात. आपल्याकडे ती पायाखाली येतील इतकी ठेंगणी असतात, इथे त्यांचे दूरचे सोबती तांब्याएवढे घट घेऊन लोंबत असतात. दोन्हीकडे कारण मात्र एकच, जमिनीतला नायट्रोजनचा तुटवडा. लॉस्ट वर्ल्डमध्ये खऱ्या घटपर्णींच्या मध्ये प्लास्टिकच्या लेगो ठोकळ्यांच्या मोठमोठ्या घटपर्णीही उभ्या केलेल्या आहेत. जिवंत रोपांच्या शेजारी त्या मला प्रथम खटकल्या. पण लहान मुले धावत आधी त्यांच्यापाशी जात होती आणि मग "खरे कुठे आहे?" म्हणून शोधू लागत होती, हे दोन्ही दिवस पाहिल्यावर माझे मत बदलले. शिक्षकाला मूल झाडापर्यंत पोहोचण्याशी मतलब.

आमरींसाठी भिंग अवश्य न्यावे. फुलवाल्याकडे मिळणारे तळहाताएवढे ऑर्किड डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या माणसाला मेघवनातली आमरी सापडणारच नाही. शेवाळाने भरलेल्या एका खोडावर मला ज्वारीच्या दाण्याएवढे फूल दिसले, आणि तेही माळ्याच्या पोशाखातली एक बाई चिमट्याने पिवळी पाने वेचत तिथे थांबली होती म्हणून. भिंगातून त्या फुलाला तीन निदले, आत दोन अगदी अरुंद पाकळ्या आणि मधोमध जिभेसारखी ओठपाकळी, असे आमरीचे सर्व अवयव व्यवस्थित मोजता आले. कोकणात मृगाच्या सुमारास जांभळाच्या किंवा आंब्याच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आमरी झाडाचा आधार घेते, त्याचे अन्न घेत नाही, हे वेगळे सांगायला नको. मेघवनात हाच प्रकार टोकाला गेलेला असतो. एका फांदीवर आधी शेवाळ, शेवाळाच्या ओलीवर नेचे, नेच्यांच्या मुळांत अडकलेल्या पाचोळ्यात आमरी, आणि या साऱ्यांच्या भाराने फांदी वाकलेली. इथल्या माळ्यांनी हे थर काळजीपूर्वक उभे केले आहेत, आणि काही ठिकाणी ते आता आपल्याआप वाढत चालल्यासारखे दिसतात.

माथ्यावरून खाली येताना दोन पूल लागतात. ते डोंगराच्या अंगातून निघून हवेत वळसा घेतात आणि पुन्हा डोंगरात शिरतात. पुलाची जमीन काही जागी जाळीची आहे, त्यामुळे उंचीची भीती असणाऱ्यांनी डोंगराच्या बाजूने चालावे. माझ्या मुलीने तसेच केले. मधूनमधून सरकते जिने असल्यामुळे माझ्या गुडघ्यांना काही त्रास झाला नाही. पुलावरून काचेपलीकडे मरिना बेचे पाणी दिसते. २००८ साली खाडीच्या मुखावर बांध घालून ते समुद्रापासून तोडले आणि आता तो गोड्या पाण्याचा साठा आहे. हे उद्यान ज्या जमिनीवर उभे आहे तीही समुद्रात भराव घालून मिळवलेली आहे. म्हणजे बुडाखाली समुद्र, वर दोन हजार मीटरचा डोंगरमाथा, आणि मध्ये एक लिफ्ट.

ठराविक वेळांना डोंगराच्या अंगातल्या बारीक तोट्यांतून धुके सोडतात. त्याच्या वेळा प्रवेशद्वारापाशी विचारून घ्याव्यात आणि त्या वेळी शक्यतो पुलावर असावे. पहिल्या भेटीत आम्ही नेमके पुलाच्या मध्यावर होतो. खालून पांढरा लोट वर आला, समोरचा डोंगर दिसेनासा झाला, धबधब्याचा फक्त आवाज उरला, आणि पाचेक मिनिटांनी तो लोट विरला तेव्हा कठड्यालगतच्या शेवाळाच्या प्रत्येक टोकावर एकेक थेंब उभा होता. मेघवनात पाऊस पडत नसला तरी झाडाखाली पाणी ठिबकत असते ते असे: शेवाळ आणि पाने धुक्यातून पाणी गाळून घेतात, आणि त्या पाण्यावर डोंगराखालचे ओढे चालतात. आंबोलीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरलेला असताना झाडाखाली उभे राहिले की डोक्यावर टपटप होते आणि दोन पावले बाजूला सरकले की थांबते. मुलांना ते मी तिथेच दाखवत असे. जगातल्या कोणत्याही काचघरात ते पुन्हा पाहायला मिळेल असे मला वाटले नव्हते.

आता या थंडीच्या हिशेबाविषयी, कारण माझ्या मते या जागेचा तो सर्वांत मोलाचा भाग आहे आणि बहुतेक प्रवासवर्णनांत तो येतच नाही. वर्षभर दुपारी पारा तिशीच्या वर जाणाऱ्या शहरात ०.८ हेक्टरचे काचघर गार ठेवायचे म्हणजे विजेचा राक्षसी खर्च होणार, ही शंका कोणालाही येईल, मलाही होती. त्यावर इथे अनेक बाजूंनी उपाय योजलेले आहेत. काच अशी निवडली आहे की ती झाडांना लागणारा उजेड आत घेते आणि उष्णतेचा मोठा भाग बाहेरच अडवते. ऊन फार चढले की बाहेरच्या बाजूने पडदे आपोआप पसरतात. फरशीखालून गार पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत, त्यामुळे माणसे आणि झाडे असतात तेवढाच खालचा थर गार ठेवला जातो, आणि घुमटाखाली चढलेली गरम हवा वरून सोडून दिली जाते. या यंत्रणेला लागणाऱ्या ऊर्जेचा एक भाग सिंगापूरच्या रस्त्यांकडेच्या आणि बागांतल्या झाडांची छाटणी करून गोळा केलेला काडीकचरा जाळून मिळवतात. त्या धुराचा निचरा उद्यानातल्या ज्या पोलादी मनोऱ्यांना सुपरट्री म्हणतात त्यांपैकी काहींच्या पोटातून होतो, आणि राख खत म्हणून वापरली जाते. २५ ते ५० मीटर उंचीचे असे १८ सुपरट्री तिथे आहेत. रात्री त्यांच्या रोषणाईखाली हजारो लोक आडवे होऊन संगीत ऐकत असतात, पण त्यांपैकी एखादे झाड धुराडे आहे हे त्यांना ठाऊक असते की नाही, कोण जाणे. मला स्वतःला ती गोष्ट रोषणाईहून सुंदर वाटली. दोन्ही काचघरांच्या इमारतीला २०१२ साली, म्हणजे उद्यान खुले झाले त्याच वर्षी, जागतिक वास्तुकला महोत्सवात वर्षातली सर्वोत्तम इमारत म्हणून गौरवले गेले. आत आधाराला एकही खांब नसलेला तो घुमट पाहिल्यावर त्याचे नवल वाटत नाही.

डोंगराच्या पोटात काही दालने आहेत. स्फटिकांचे आणि लवणस्तंभांचे दालन आम्ही लवकर आटोपले. खालच्या बाजूच्या एका दालनात पृथ्वीचे तापमान एकेक अंशाने वाढत पाच अंशांपर्यंत गेले तर काय होईल, हे भिंतींवर आणि जमिनीवर चित्रफितीतून दाखवतात. पुष्कळ लोक चालून थकलेले असतात आणि ते न पाहताच पुढे जातात. कृपया जाऊ नका. वर दोन तास मेघवनात घालवल्यानंतर त्या आकड्यांना अर्थ येतो. मैदानातल्या वनस्पतीला उष्णता वाढल्यावर वर सरकायला डोंगर असतो. जी वनस्पती आधीच माथ्यावर आहे तिला वर जागाच नाही. हवा तापली की ढग अधिक उंचीवर तयार होतात आणि माथा कोरडा पडू लागतो. कोस्टा रिकातल्या मॉन्तेवेर्देच्या मेघवनात राहणारा सोनेरी भेक १९८९नंतर कोणालाही दिसलेला नाही. तो का नाहीसा झाला यावर अभ्यासकांत बुरशीचा रोग आणि बदललेले हवामान या दोन्ही बाजूंनी चर्चा आहे, पण तो फक्त त्या एकाच डोंगरावर राहत होता, याविषयी दुमत नाही. चित्रफीत संपल्यावर नातू म्हणाला, "मग वरच्या झाडांना सांगायचं कुठे जायला?" मी त्याला उत्तर दिले नाही. त्याच्या वयाला खोटे सांगायला नको होते आणि खरे सांगायला माझ्याकडे पुरते नव्हते.

एका गोष्टीची मात्र मला इथे फार उणीव भासली, आणि ती म्हणजे आवाज. हे वनस्पतींचे दालन आहे, प्राण्यांचे नाही, हे मान्य. पण बेडूक, रातकिडे आणि एखादा शीळ घालणारा पक्षी यांच्यावाचून डोळ्यांना दिसणारे जंगल कानांना अपुरेच राहते. आंबोलीत संध्याकाळी बेडकांच्या आवाजाने बोलणे ऐकू येईनासे होते. ज्यांना ते हवे आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बुकित तिमाच्या राखीव जंगलात किंवा १८५९ साली स्थापन झालेल्या सिंगापूर बोटॅनिक गार्डन्समधल्या जुन्या वर्षावनाच्या तुकड्यात जावे. तिथे घामाने भिजायला होते, पण सिकाडा या किरकिरणाऱ्या कीटकांचा कल्लोळ खरा असतो. तसेच, क्लाउड फॉरेस्टमध्ये अधूनमधून लोकप्रिय चित्रपटांवर बेतलेली प्रदर्शने भरतात आणि त्या काळात झाडांमध्ये पुतळे व ध्वनिमुद्रित आवाज असतात. मुलांना ते आवडेल, पण ज्यांना शांतपणे वनस्पती पाहायच्या आहेत त्यांनी तारखा ठरवण्यापूर्वी त्या वेळी काय चालू आहे ते पाहून घ्यावे.

जाण्याविषयी थोडे. काचघरे सकाळी ९ ते रात्री ९ उघडी असतात, देखभालीसाठी मधूनच एखादा दिवस बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करावी. तिकीट परदेशी पाहुण्यांना स्थानिकांपेक्षा महाग पडते. तुमच्या नातेवाइकांपैकी कोणी तिथले रहिवासी असतील तर त्यांचे तिकीट वेगळे काढावे. शेजारचे फ्लॉवर डोम मोठे आहे, १.२ हेक्टरचे, आणि कोरड्या थंड प्रदेशांतल्या वनस्पतींसाठी आहे. बाओबाब आणि जुनी ऑलिव्हची झाडे पाहण्यासारखी आहेत, परंतु दोन्ही एका दिवसात नीट होत नाहीत असा माझा अनुभव आहे. वेळ एकालाच असेल तर क्लाउड फॉरेस्ट निवडावे. मेट्रोने बेफ्रंट किंवा गार्डन्स बाय द बे या स्थानकावर उतरता येते. दार उघडताच आत गेलात तर पहिला तासभर वरच्या मजल्यावर गर्दी नसते. साठी ओलांडलेल्यांनी शाल किंवा पातळ स्वेटर बरोबर ठेवावा, कारण २३ अंश ऐकायला काही नसले तरी तुषारांनी ओल्या झालेल्या अंगाला ते झोंबतात. फरशी ओली असते, म्हणून चपलांऐवजी न घसरणारे बूट घालावेत.

बाहेर पडण्याआधी डोंगराच्या पायथ्याशी सीक्रेट गार्डन नावाचा एक अरुंद, सावलीचा भाग लागतो. दगडांच्या फटींत लहान पानांचे नेचे आणि शेवाळ वाढवलेले आहे. तिथे बसायला जागा आहे आणि गर्दी सरळ बाहेरच्या दाराकडे जात असते. दुसऱ्या भेटीत आम्ही तिथे अर्धा तास बसलो. नातवाने माझे भिंग घेऊन एका नेच्याच्या पानाच्या पाठीमागचे तपकिरी ठिपके मोजायला घेतले. ती बीजाणूंची घरे आहेत, हे मी त्याला लगेच सांगितले नाही. तो एकोणचाळिसापर्यंत पोहोचला तेव्हा त्याने स्वतःच विचारले. मग आम्ही दार ढकलून बाहेर आलो, आणि त्या दमट उकाड्यात माझ्या गार चष्म्याच्या दोन्ही काचा धुक्याने भरून गेल्या.